गाताना परतणारा ‘अ’

‘सोलापूरकर’ हा शब्द कागदावर सहा अक्षरांचा आहे. बोलताना मात्र त्यातल्या दोन्ही ‘र’मधला ‘अ’ आपण गाळतो आणि ‘सो-ला-पूर्-कर्’ असे चारच उच्चारखंड ऐकू येतात. हाच शब्द अभंगात बसवला तर तो पुन्हा सहा अक्षरांचा होऊन एक चरण पुरा भरतो, कारण मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे 6, 6, 6 आणि 4 अक्षरे असतात, ती लिहिल्याप्रमाणे मोजली जातात आणि म्हणताना ऱ्हस्व अक्षरही लांबवले जाते. आषाढीला पंढरपूरची वाट धरणाऱ्या दिंड्यांत टाळांच्या ठेक्यावर असे कितीतरी गडप झालेले ‘अ’ पुन्हा प्रकट होतात.

याचे कारण आपल्या गळ्यात आहे. स्वरयंत्रातल्या पडद्यांच्या कंपनातून सूर निर्माण होतो आणि त्यासाठी हवेचा प्रवाह चालू राहावा लागतो. स्वर उच्चारताना ही वाट मोकळी असते, म्हणून ‘आ’ दम असेपर्यंत धरता येतो. ‘क्’, ‘ट्’, ‘प्’ म्हणताना ती पूर्ण बंद होते आणि तेवढा वेळ सूरच नसतो. ‘म्’, ‘न्’, ‘ल्’ यांचे तसे नाही. गळ्यावर बोट ठेवून ‘म्’ लांबवून पाहावा. ओठ मिटलेले असूनही कंपन जाणवत राहते, कारण हवा नाकावाटे जात असते. ‘विठ्ठल’ नामाच्या गजरात दोन्ही प्रकार शेजारी आहेत: ‘ठ्ठ’पाशी सूर क्षणभर तुटतो आणि ‘ल’वर तो रेंगाळू शकतो.

तरीही व्यंजनांना सुरातला अडथळा मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण लयीला धार त्यांच्यामुळेच येते. अक्षराचा ठोका कानाला जाणवतो तो व्यंजनाच्या आरंभी नव्हे, तर त्यातला स्वर सुरू होतो त्या सुमारास; म्हणून मुरलेला गायक ‘सो’मधला ‘स’ समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधी उच्चारतो आणि ‘ओ’ नेमका समेवर आणतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी ज्या लावणीसाठी ओळखले जातात, तिच्यात लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा असा हिशेब बहुधा चालतो, त्यामुळे अक्षरे दाटीवाटीने येतात आणि शब्द ढोलकीच्या बोलांसारखे वाजतात.

सोलापुरात मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगूही घरोघरी बोलल्या जातात. या दोन्ही भाषांत बहुतेक शब्द स्वरान्त असतात आणि तो शेवटचा स्वर बोलतानाही टिकतो, त्यामुळे मराठीला गाताना जो ‘अ’ परत आणावा लागतो, तशी जागा तिथे मुळातच तयार असते. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या बहुतेक रचना तेलुगूत आहेत, आणि गायनासाठी त्या भाषेची जी वाखाणणी होते तिच्यामागे ही स्वरान्तता आहे.

स्वरही सगळे सारखे सोयीचे नसतात. ‘ई’ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद, म्हणजे ती ज्या कंपनाला सर्वांत खालच्या पट्टीत जोरदार साथ देते ते, साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या आसपास असतो, ‘आ’ म्हणताना तो याच्या दुपटीच्या घरात जातो. गायिकेचा षड्ज (सा) हार्मोनियमच्या काळी चार या पट्टीत, म्हणजे सुमारे 208 हर्ट्झवर धरला, तर तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, 416 हर्ट्झच्या जवळ येतो. तिथे सूरच ‘ई’च्या अनुनादाच्या वर जाऊ लागतो, म्हणून जबडा आपोआप उघडतो आणि ‘ई’ थोडी ‘ए’कडे झुकते. ‘आ’ला ही अडचण त्या पट्टीत येत नाही, आणि ताना, म्हणजे जलद स्वरमालिका, बहुधा ‘आ’कारात घेतल्या जातात त्याचे हे एक कारण आहे.