थुंकीवरून कॅन्सर कळतो का?

‘लाळ तपासून कॅन्सर कळतो म्हणे, करून द्या ना’, असं आमच्या काउंटरवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आमच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. का, ते इथे सांगतो.

तंबाखू, मशेरी, मावा यांनी पेशीतल्या डीएनएची अक्षरं बिघडतात, हे बरेच जण ऐकून असतात. दुसरा बिघाड गुपचूप होतो. अक्षरं तीच राहतात, पण ‘सी’ या अक्षरावर मिथाइल या रासायनिक गटाचं बारीक टिंब चढतं. जनुकाच्या सुरुवातीलाच अशी टिंबं दाटली की ते जनुक गप्प होतं. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी१६ जनुक तोंडाच्या कॅन्सरमध्ये असं बंद पडलेलं अनेकदा सापडतं. हीच एपिजेनेटिक खूण.

ती शोधायला डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. टिंब नसलेला ‘सी’ बदलतो, टिंबवाला टिकतो, आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून पाहण्याच्या तपासणीत) फरक दिसतो. तोंडातल्या पेशी लाळेत उतरतात, त्यामुळे लाळेवरही हे जमतं. अडचण अशी, की वय आणि तंबाखूमुळे कॅन्सर नसलेल्यांतही टिंबं आढळतात, आणि कॅन्सर असूनही लाळेत ती हुकू शकतात. ‘निगेटिव्ह’ कागद खिशात घालून माणूस पुन्हा मावा मळायला बसला, तर? आम्हाला धास्ती त्याची आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी सेप्टिन-९ जनुकाच्या टिंबांवर चालणाऱ्या रक्ततपासणीला अमेरिकेत २०१६ साली मंजुरी मिळाली. तोंडाच्या कॅन्सरचं निदान मात्र संशयित जागेचा तुकडा काढूनच (बायोप्सी) होतं. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे.

रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ वाचून काही जण घाबरून फोन करतात. ही तपासणी वेगळी: तुकड्यावर रंग चढवून पी१६ हे प्रथिन पाहतात. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर असेल तर ते एचपीव्ही विषाणूकडे बोट दाखवतं, आणि असे रुग्ण उपचारांना सहसा चांगला प्रतिसाद देतात. म्हणजे एकाच नावाचं जनुक एका आजारात झोपलेलं, दुसऱ्यात प्रथिनाचा ढीग घालणारं! गाल किंवा हिरडीच्या कॅन्सरमध्ये या निकालाला तो अर्थ नसतो.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, किंवा तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर आमच्याकडे येण्याआधी डॉक्टरांना तोंड दाखवा. पी१६ प्रथिनाच्या तपासणीसाठी येताना तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक, जुना रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नुसत्या काचेच्या स्लाइडवर काम भागेलच असं नाही.