देवराई राखायची, गायरान चारायचं

पावसाळा लागला की पुण्यातून रोपांनी भरलेल्या गाड्या गावोगाव निघतात आणि एखाद्या गायरानावर 'देवराई' उभी करायचा संकल्प सुटतो. हेतू चांगला असतो, पण जागा चुकते. देवराई आणि गायरान दोन्ही गावाच्या सामायिक जागा खऱ्या. त्या टिकण्यामागची रीत मात्र अगदी उलटी आहे.

देवराई टिकली ती हात न लावल्याने. मावळ, मुळशी, भोर, आंबेगावच्या डोंगराळ भागात ही रानं देवाच्या नावाने राखलेली आहेत. तिथे कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी पडलेलं लाकूड उचलायचं तरी आधी देवाला कौल लावतात. 1970च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या अशा रानांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी जुने वृक्ष आणि गारंबीसारख्या अजस्र वेली या रानांत शिल्लक राहिल्या.

गायरान टिकतं ते वापरल्याने, पण बेताने वापरल्याने. बारामती, इंदापूर, दौंडकडचा कमी पावसाचा माळ मुळातच गवताचा. त्यातलं पवन्या आणि मारवेल गवत जनावरांना गोड लागतं, म्हणून चराई अति झाली की आधी तेच संपतं आणि कुसळी गवत माजतं. कुसळीसुद्धा कोवळी असेपर्यंत जनावरं आवडीने खातात. एकदा कुसळं धरली की ती तोंडाला टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत रुतून कातडीपर्यंत जातात. कोणत्या अंगाचं गवत कधी चारायचं आणि कधी सोडून द्यायचं, ही जाण धनगरांकडे आणि गुराख्यांकडे आहे. ती सातबाऱ्यावर कुठेच नोंदलेली नाही. सातबारा फक्त 'गायरान' किंवा 'गुरचरण' म्हणतो, आणि झाड दिसत नाही म्हणून आपण त्याच जमिनीला पडीक ठरवून मोकळे होतो.

ती पडीक नसते. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणासाठी राखलंय आणि ते असल्याच माळावर आहे. लांडगा इथलाच, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षीही इथलाच. इथे दाट झाडी लावली की सावलीत गवत विरळ होतं, आणि रोपं जगावीत म्हणून घातलेलं कुंपण मेंढपाळाची वाट अडवतं. हे मला फार खटकतं. ज्यांचं पोट त्या गवतावर आहे, त्यांना बहुतेक वेळा कुणी विचारलेलंही नसतं.

कायद्याने गायरानाला आधार दिलाय. 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. देवराईवरचं संकट वेगळं: जीर्णोद्धार. छोट्या देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो, मग गाडीरस्ता, आणि दोन्हींसाठी झाडं पडतात. तिथे नवी रोपं नेण्यापेक्षा मंडपाचा आराखडा ठरण्याआधी ग्रामस्थांसोबत बसणं जास्त कामाचं. गायरानावर काही करायचंच असेल, तर रोपं घेण्याआधी तिथे मेंढरं चारणाऱ्यांना गाठा आणि माळाचा कोणता भाग यंदा मोकळा सोडायचा ते त्यांनाच ठरवू द्या.