पडलेलं आणि मुद्दाम पडकं बांधलेलं

इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या बागांमध्ये झाडीआडून एखादा पडका बुरूज नाहीतर कमान डोकावते. ती खरोखर पडलेली, की मालकाने पैसे मोजून तशी बांधून घेतलेली, हे लांबून ओळखू येत नाही. येऊ नये अशीच योजना असते.

यॉर्कशायरचा फाउंटन्स मठ खरा. 1132 साली स्थापन झालेला हा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 मध्ये बंद पडला. शेजारच्या स्टडली रॉयलच्या विल्यम ऐझलबीने 1767 मध्ये तो विकतच घेतला आणि बागेला जोडला. अवशेष आयते मिळाले! वूस्टरशायरमधल्या हॅगलीच्या लिटलटन घराण्याकडे असं काही नव्हतं. त्यांच्यासाठी वास्तुकार सँडरसन मिलरने 1747-48 च्या सुमारास टेकाडावर किल्ला उभारला. बुरूज चार, पण पूर्ण उंचीचा एकच. बाकीचे मुद्दाम अर्धवट ठेवले. जुन्या सरदारांच्या लढायांचा अस्सल गंज याच्यावर चढलाय, अशी दाद लेखक होरेस वॉलपोलने दिली होती. किल्ल्याचं वय तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं.

फरक ओळखायचा तर मागच्या बाजूला जावं. फाउंटन्सला भिंतीमागे भिंती लागतात: भोजनगृह, लांबलचक कमानदार कोठार, इमारतींखालून वाहणारी नदी. माणसं इथे राहत होती, हे जागोजागी कळतं. बाथजवळचा 1762 चा ‘शॅम कासल’ मात्र समोरून दोन बुरुजांचा दरवाजा आणि मागून नुसती भिंत, नाटकाच्या पडद्यासारखी. सरेमधल्या पेन्सहिलचा पडका मठ तर विटांचा. दगडाचा आभास गिलाव्याने आणलेला.

दगड जुना म्हणून अवशेष खरा, असं मात्र समजू नये. विंडसरजवळ व्हर्जिनिया वॉटरला उभे असलेले रोमन खांब लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचे, म्हणजे शंभर टक्के अस्सल. पण राजा चौथ्या जॉर्जसाठी वास्तुकार वायटव्हिलने 1826-27 मध्ये ते मनाला येईल तसे रचले. अशी इमारत रोमनांनी कधीच बांधली नव्हती.

उलटही घडे. निसर्गदृश्यांवर लिहिणाऱ्या विल्यम गिल्पिनला वेल्समधल्या टिंटर्नच्या खऱ्याखुऱ्या पडक्या मठाचे त्रिकोणी माथे फारच नीटनेटके वाटले. हातोड्याचे चार बेताचे घाव घातले तर बरं दिसेल, असं त्याने लिहून ठेवलं. घालायची हिंमत कोण करणार, हेही त्यानेच पुढे विचारलं.