कराटे

कराटे : मुख्यतः हातापायांच्या प्रहारांवर आधारलेली निःशस्त्र युद्धकला व क्रीडाप्रकार. मूळ उच्चार ‘काराते’. मराठीत रूढ झालेला ‘ट’ इंग्रजीमार्गे आला. ही कला सर्वसाधारणपणे जपानी समजली जाते. मात्र तिचा उगम र्‍यूक्यू बेटांवरचा असून तेथील राज्य १८७९ मध्ये जपानने खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला.

‘ते’ म्हणजे हात. ‘कारा’ या उच्चाराची दोन चिन्हे आहेत : एकाचा अर्थ थांग राजवट, म्हणजे पर्यायाने चीन, दुसऱ्याचा रिकामा. जुने लेखन पहिल्या चिन्हाने होत असे व ओकिनावात त्याचा उच्चार ‘तोदी’ असा करीत. दुसरे चिन्ह ओकिनावाचे आचार्य हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्ये वापरल्याचे आढळते. १९३६ मध्ये ओकिनावातील नाहा येथे भरलेल्या आचार्यांच्या बैठकीनंतर ते रूढ झाले. चीनशी बिघडलेल्या संबंधांच्या त्या काळात चीनसूचक नाव गैरसोयीचे होते, हे कारण ध्यानात घ्यावे लागते. ‘रिकामा हात’ हाच प्राचीन अर्थ असल्याचे लोकप्रिय पुस्तकांत सांगितले जाते, ते ग्राह्य नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. कांचीपुरमहून चीनला गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन मठात ही विद्या रुजवली, ही कथा भारतीय वाचकांना प्रिय असली, तरी तिचा आधार असलेला व्यायामग्रंथ १७ व्या शतकाच्या मागे नेता येत नाही. शस्त्रबंदीमुळे शेतकऱ्यांनी निःशस्त्र लढ्याचे तंत्र घडवले, हे मतही तितकेच प्रचलित. त्यासाठी र्‍यूक्यूच्या शो शिन राजाच्या काळातील १५०९ चा शिलालेख आणि जपानमधील सात्सुमा संस्थानाची १६०९ ची स्वारी यांचा दाखला देतात. परंतु शिलालेखात शस्त्रे राज्याच्या रक्षणासाठी जमवल्याचा उल्लेख असून तो बंदीचा हुकूम नव्हे, असे वाचन आता अधिक मान्य होत आहे. शिवाय ज्यांची नावे टिकली ते बहुतेक आचार्य पेचिन या अधिकारी वर्गातील आहेत. चीनच्या फूजियान प्रांताशी असलेल्या व्यापारी व खंडणीच्या संबंधांतून आलेले तंत्र ‘ती’ (‘ते’चा ओकिनावी उच्चार) या स्थानिक कलेमध्ये मिसळले असावे, हेच अधिक संभवनीय दिसते. १८ व्या शतकापूर्वीचे लेखी पुरावे तुटपुंजे आहेत.

ओकिनावाचे आचार्य इतोसु आंको यांनी १९०१ च्या सुमारास कराटे तेथील शालेय व्यायामात आणले. त्यासाठी ‘पिनान’ हे सोपे काता (ठरीव हालचालींची मालिका) रचले. ओकिनावाचेच फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले व १९२४ मध्ये ज्यूदोच्या धर्तीवर दान श्रेणी (प्रावीण्याच्या पायऱ्या) दिल्या. काळा पट्टाही म्हणजे ज्यूदोकडून केलेली उसनवारीच. शोतोकान, गोजू, शितो व वादो हे आज प्रमुख पंथ मानले जातात.

मूलभूत ठोसा वरवर साधा दिसतो. मूठ तळवा वर करून कमरेशी असते; पुढे जाताना अखेरच्या क्षणी मनगट फिरते आणि तर्जनी व मध्यमा यांच्या मुळाशी असलेली दोन हाडे लक्ष्यावर आदळतात. त्याच वेळी दुसरी मूठ कमरेकडे खेचली जाते. हाडे कणखर करण्यासाठी जमिनीत पुरलेल्या, वरच्या टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेल्या ‘माकिवारा’ या फळीवर रोज ठोसे मारतात.

स्पर्धेत काता व कुमिते (लढत) असे दोन विभाग असतात. कुमितेत प्रहार ताब्यात ठेवावा लागतो. तोक्यो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाच्या तारेग हामेदीच्या लाथेने इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. आघाडीवर असलेला हामेदी अपात्र ठरला आणि सुवर्णपदक खाली कोसळलेल्याला मिळाले. पुरुषांच्या कातात ओकिनावाच्याच कियुना र्‍यो याने सुवर्ण जिंकले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) कराटेचा समावेश नव्हता.