चिवावा : गोव्याच्या हवामानातील संगोपन

चिवावा (चिहुआहुआ असेही लिहितात) ही जगातील सर्वांत लहान आकाराची मान्यताप्राप्त श्वानजात आहे. मेक्सिकोच्या उत्तरेकडील, क्षेत्रफळाने त्या देशात सर्वांत मोठ्या असलेल्या चिवावा राज्यावरून तिला हे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकानुसार या जातीच्या कुत्र्याचे वजन 3 किलोच्या आत असावे लागते, तर अमेरिकन केनेल क्लब 6 पौंडांची, म्हणजे सुमारे 2.7 किलोची मर्यादा घालतो. आखूड केसांचा आणि लांब केसांचा असे तिचे दोनच प्रकार मानले जातात. बाजारात ‘टीकप’ म्हणून विकली जाणारी पिल्ले हा वेगळा प्रकार नाही. ती प्रमाणाबाहेर लहान असतात आणि बहुधा तितकीच अशक्त असतात.

मध्य मेक्सिकोतील टोल्टेक लोकांनी पाळलेल्या ‘तेचिची’ नावाच्या छोट्या कुत्र्यांशी या जातीचे नाते जोडले जाते. युरोपीय कुत्र्यांचा संकर पुढे बराच झाला असला, तरी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात चिवावामध्ये कोलंबसपूर्व अमेरिकेतील कुत्र्यांचा मातृवंशीय अंश टिकून असल्याचे आढळले. आकार लहान असण्यामागे वाढीशी संबंधित जनुकांचा, त्यांतही विशेषतः आयजीएफ-1 या जनुकाचा, मोठा वाटा असतो. शरीर लहान झाले, म्हणून स्वभावातले कुत्रेपण मात्र कमी झालेले नाही, आणि या जातीविषयीचे बहुतेक गैरसमज ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

चिवावा रागीट असतो, चावतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. मोठे कुत्रे अस्वस्थ झाल्यावर कान मागे घेते, तोंड फिरवते किंवा ओठ चाटते, तेव्हा समोरचा माणूस आपोआप दोन पावले मागे सरतो. चिवावाने तेच संकेत दिले तर त्यांकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्याला सरळ उचलून घेतले जाते. सौम्य इशाऱ्यांचा उपयोग होत नाही हे कळले की तो गुरगुरण्यावर आणि शेवटी दात लावण्यावर येतो. म्हणून त्याला वरून झडप घातल्यासारखे उचलू नये. खाली बसून हात पुढे करावा, त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे आणि उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली ठेवावा. चवथीला माटोळीखाली (गणपतीपुढे बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली) पाहुण्यांची गर्दी होते तेव्हा किंवा नरकासुराच्या रात्री वाड्यावाड्यांत ध्वनिवर्धक घुमत असतात तेव्हा, त्याला आतल्या खोलीत स्वतःची ठरलेली जागा असणे फार महत्त्वाचे असते. वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत वेगवेगळी माणसे, आवाज आणि जागा यांची हळुवार ओळख झालेले पिल्लू पुढे कमी भित्रे निघते.

या जातीचा थरकापही असाच गैरसमजाला कारण ठरतो. थंडी, भीती, उत्तेजना, वेदना आणि रक्तातील साखर उतरणे यांपैकी कशानेही तो थरथरू शकतो. शरीराच्या आकारमानाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने उष्णता लवकर निसटते, त्यामुळे गोव्यातही वातानुकूलित खोलीत किंवा पावसात भिजल्यावर त्याला थंडी वाजते. पिल्लांच्या बाबतीत साखरेची शक्यता आधी लक्षात घ्यावी. यकृतातील साठा अपुरा असल्याने काही तास उपाशी राहिलेले पिल्लू मलूल होते, झोकांड्या देते आणि त्याला झटकेही येऊ शकतात. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. सुरुवातीचे काही महिने दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला देण्यामागचे कारण हेच आहे.

आहाराच्या बाबतीत प्रमाणाचे भान ठेवावेच लागते. निर्बीजीकरण झालेल्या 2 किलोच्या प्रौढ चिवावाची दिवसाची गरज साधारण 190 किलोकॅलरींची असते. सकाळी पोदेराने दिलेला एक पाव त्याला प्रेमाने भरवला, तर त्या गरजेचा अर्ध्याहून अधिक भाग एकट्या पावातच संपतो, आणि मग समतोल आहारासाठी जागा उरत नाही. वजन थोडेसे वाढले तरी गुडघ्यांवर ताण येतो. मासळीचे काटे, चोरिसाचे (गोव्यातील मसालेदार डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) तुकडे, कांदा-लसूण घातलेली हुमण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट देऊ नये. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि मोठ्या कुत्र्याला न बाधणारी मात्राही या शरीराला पुरून उरते. मार्च ते मे या काळात काजूच्या बागेजवळ राहणाऱ्यांनी आंबलेल्या बोंडांपासून आणि उर्राकाच्या (बोंडांच्या रसापासून काढलेल्या दारूच्या) भांड्यांपासून त्याला दूर ठेवावे, कारण मद्यार्क त्याच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो. आंब्याची बाठ आतड्यात अडकते. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही औषधे अंदाजाने कधीही देऊ नयेत.

चिवावा राज्य मुख्यतः उंच आणि कोरडे आहे. गोव्यात त्याउलट उन्हाळा दमट असतो आणि जून ते सप्टेंबर या काळात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेत धापा टाकूनही शरीर पुरेसे थंड होत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा अंधार पडल्यावर करावे आणि डांबर तापलेले नाही ना, हे आपला तळहात ठेवून पाहावे. बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये. पावसाळ्यात पायांच्या बोटांमधला भाग आणि कानांच्या पाळ्या दररोज कोरड्या कराव्यात, नाहीतर बुरशीचा संसर्ग होतो. गोचीड ही गोव्यातली बारमाही डोकेदुखी आहे. तिच्यामुळे होणारे एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे आजार ताप, फिकट हिरड्या आणि भूक मंदावणे अशा लक्षणांनी सुरू होतात, आणि इतक्या लहान शरीरात रक्तक्षय गंभीर व्हायला वेळ लागत नाही. गोचीडनाशक औषध त्या दिवशीचे वजन करूनच घ्यावे. मोठ्या कुत्र्याची मात्रा अर्धी करून वापरू नये.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने चालते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. उंदीर आणि साचलेले पाणी असलेल्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लसही घ्यावी. कमी वजनाच्या कुत्र्यांना एकाच वेळी अनेक लसी दिल्यास प्रतिक्रिया येण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या काही आठवड्यांच्या अंतराने विभागून देण्याविषयी पशुवैद्यांशी बोलावे. राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या मोहिमेमुळे गेल्या दशकभरात गोव्यात माणसांमधील रेबीज फार खाली आला, तरी घरातल्या कुत्र्याची वार्षिक लस चुकवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. भटक्या कुत्र्याचा एक चावाही चिवावाच्या छातीचा किंवा मणक्याचा चुराडा करू शकतो, त्यामुळे फिरवताना पट्टा हातात असावा. सत्तरी, सांगे, काणकोण या जंगलालगतच्या भागांत बिबट्याच्या वावरामुळे त्याला रात्री घरातच ठेवणे आवश्यक ठरते.

अनेक चिवावांच्या टाळूवर हाडांचे सांधे पूर्ण न जुळल्याने मऊ जागा राहते. तिला ‘मोलेरा’ म्हणतात. ती असणे हा आपोआप आजार ठरत नाही, मात्र तिथे मार बसू नये याची खबरदारी घ्यावी लागते. डोके अवाजवी फुगलेले आणि वागणे मंद असेल, तर मेंदूत पाणी साठल्याची तपासणी करावी. चालता चालता मागचा पाय उचलून लंगडी घातल्यासारखे करणे हे गुडघ्याची वाटी सरकल्याचे लक्षण असते. सोफ्यावरून किंवा सोप्याच्या पायऱ्यांवरून वारंवार उड्या मारू देऊ नयेत. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. लहान जबड्यात दातांची दाटी होते आणि दुधाचे दात कायमच्या दातांशेजारी तसेच राहतात, म्हणून रोज कुत्र्यांच्या टूथपेस्टने दात घासणे हा शिस्तीचा भाग व्हायला हवा.

पिल्लू घेताना त्याची आई पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार व्यावसायिक प्रजननकर्त्याची नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लांची डोकी मोठी आणि मादीचे कटिद्वार अरुंद असल्याने बाळंतपणात अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणून हौसेखातर घरी प्रजनन करणे मादीवर अन्यायकारक आहे.

नीट सांभाळलेला चिवावा 12 ते 16 वर्षे जगू शकतो. उतारवयात हृदयाची डावी झडप गळू लागण्याचा विकार लहान जातींमध्ये वारंवार आढळतो. शांत झोपेत मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास सलग दिसू लागले, तर छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. कर्कश, हंसासारखा खोकला असल्यास श्वासनलिकेचीही तपासणी त्याच भेटीत करून घेता येते.