डोल्गो नेलंत? मग ती नावाची पट्टी आधी काढा

आमच्या नर्सरीत एडमंटनमधली मराठी मंडळी आली की पहिला प्रश्न ठरलेला, हे डोल्गो म्हणजे डोलणारं झाड का हो? नाही. हे क्रॅबॲपल, म्हणजे छोट्या आंबट सफरचंदाचं झाड. नाव रशियन आहे, तिकडे डोल्गो म्हणजे लांब, बराच वेळ अशा अर्थाचा शब्द, आणि फळ बघितलंत तर गोल नसतं, जरा लांबटच असतं. 1897 मध्ये रशियाहून बी अमेरिकेत आलं, साउथ डकोटातल्या ब्रुकिंग्जला नील्स हॅन्सन नावाच्या प्रोफेसरांनी त्यातून निवडून हे झाड 1917 मध्ये बाहेर काढलं. सांगायचा मुद्दा हा की ते आपल्यासारख्याच कडाक्याच्या थंडीसाठी निवडलेलं आहे, त्यामुळे जानेवारीत झाडाला गोधडी गुंडाळू का असे फोन करू नका, करतात लोक! (सशांपासून बुंध्याला जाळी मात्र लावा.)

आता खरा त्रास. नावाची पट्टी आम्ही तारेने बांधून देतो. ती तशीच राहते. दोन-तीन वर्षांत फांदी जाड होते पण तार काही वाढत नाही, ती सालीत रुतते, पानांनी केलेली साखर सालीतूनच खाली मुळांकडे जाते तो रस्ता बंद होतो, वरचा भाग फुगतो आणि मग बर्फाच्या ओझ्याने तिथूनच कट्‌कन मोडतो. गेल्या वर्षी एक काका अशी फांदी पिशवीतून घेऊन आले, मनगटाएवढी जाड, मधे करकोचा पडलेला आणि तार सालीने पूर्ण गिळलेली, बाहेर फक्त पट्टीचा कोपरा, त्यावर अजून नाव वाचता येत होतं. काका म्हणाले झाडच नाजूक दिलंत. झाड कसलं नाजूक!

मग लोक म्हणतात, पट्टी बांधताच कशाला? एप्रिलमध्ये नर्सरीत येऊन बघा, पानं नसताना डोल्गो आणि शेजारचं नॉरलँड सफरचंद दोन्ही नुसत्या काड्या, आम्हालाही पट्टी वाचावी लागते. सुतळीने बांधून पाहिलं, वाऱ्याने अर्ध्या पट्ट्या गेल्या. म्हणून तारच. पण ती तुमच्या घरी पोचेपर्यंतची आहे. झाड लावलं की त्याच दिवशी पक्कडीने कापा, आणि फेकू नका प्लीज, शेजारी काठी रोवून तिला बांधा नाहीतर फोटो काढून ठेवा. नाहीतर मग पाच वर्षांनी फोन येतो, "ते लाल फळवालं झाड, तुमच्याकडूनच नेलेलं", आणि त्यावरून शेजारी काय लावू ते आम्ही सांगायचं. वर्षाची गॅरंटी आहे आमची, पण तारेने कापलेल्या झाडाला ती लागू नाही, आधीच सांगतोय.

अजून एक, बी पेरून डोल्गो येत नाही. झाड येईल, पण ते डोल्गो नसेल, हे नाव फक्त कलमाचं. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर तेही काढून टाका, ते खालच्या खुंटाचे असतात.

आंबट आहे का? आहे, कैरीसारखं, तोंडात टाकून तक्रार करू नका. पण पेक्टिन भरपूर, जेली मस्त घट्ट होते आणि रंग असा लाल की कोणी विचारेल रंग घातलाय का. आमच्या घरी साखर, वेलची घालून मोरांब्यासारखं करतात. फळ ऑगस्टच्या शेवटी पिकतं आणि पिकलं की भराभर गळतं, तेव्हा वीकेंडची वाट बघत बसू नका.

आणि मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतं तेव्हा मधमाश्या तिथून तुमच्या सफरचंदावर जातात, सफरचंदाला दुसऱ्या जातीचा पराग लागतोच, त्यामुळे एक डोल्गो असेल तर जवळच्या नॉरलँड किंवा गुडलँडलाही फायदा. दोन्ही आमच्याकडे आहेत. येताना पट्टी नाहीतर फोटो घेऊन या, काय जमेल ते बघून सांगतो.