भूत जोलोकिया (घरगुती लागवड)

भूत जोलोकिया ही ईशान्य भारतातील अतितिखट मिरची. हे तिचे आसामातले नाव. नागालँडमध्ये ती राजा मिरचा, तर मणिपुरात उमोरोक. ती मुख्यतः कॅप्सिकम चायनेन्स या जातीची असून तिच्यात कॅप्सिकम फ्रुटेसेन्सचाही अंश आहे. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील पॉल बॉसलँड यांच्या मोजणीत तिचा तिखटपणा १०,०१,३०४ स्कोव्हिल एकके भरला आणि २००७ मध्ये गिनेसने तिला जगातील सर्वांत तिखट मिरची ठरवले. पुढे हा मान कॅरोलिना रीपर (२०१३) आणि पेपर एक्स (२०२३) यांसारख्या अमेरिकी वाणांकडे गेला. नागालँडमधल्या याच मिरचीला ‘नागा मिरचा’ या नावाने भौगोलिक मानांकन आहे.

घरी बियांपासून ही मिरची करताना कस लागतो तो उगवणीतच. साध्या मिरचीचे बी आठ-दहा दिवसांत उगवते, हिला दोन ते पाच आठवडे लागतात. बी कुजले असे समजून कुंडी उकरणारे याच काळात हातचे रोप घालवतात. बी अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात पेरावे. माती २५ ते ३० अंश सेल्सियस उबदार आणि नुसती ओलसर हवी. पाणी जास्त झाले की कोवळे रोप मानेशी कुजून कोलमडते. चार ते सहा पाने आल्यावर ते निदान बारा इंची कुंडीत हलवावे.

मूळ मुलखात हवा दमट आणि परसातली झाडे बऱ्याचदा अर्धसावलीत, म्हणून आपल्याकडे गच्चीवर दुपारच्या उन्हात आडोसा द्यावा लागतो. पारा ३५ अंशांवर गेला की फुले गळतात. त्यामुळे महाराष्ट्रात बहर एप्रिल-मेमध्ये येईल अशी पेरणी टाळलेली बरी. नत्र भरमसाट दिले तर झाड नुसते पानांनी माजते. पाने वळून बारीक होऊ लागली, म्हणजे चुरडा-मुरडा दिसला, की पानांच्या मागे फुलकिडे आणि कोळी (रस शोषणारी अतिबारीक कीड) शोधावेत. सुरुवातीलाच निंबोळी तेलाची फवारणी केली तर उपयोग होतो.

बी अस्सल असले तरी तिखटपणाची हमी नसते. आसामातल्या तेजपूरच्या मानाने ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत याच मिरचीचा तिखटपणा निम्म्याहून कमी भरल्याची नोंद आहे. तरीही फळ हाताळताना हातमोजे हवेतच. तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, तयार होते ते बी ज्याला चिकटलेले असते त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात. बी त्याच्या संगतीनेच तिखट लागते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने जीभ पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध-दही बरे.

पुढच्या वर्षासाठी बी धरायचे असेल तर खबरदारी फुलापासूनच घ्यावी. मिरचीत स्वपरागीकरण होते, पण मधमाश्या शेजारच्या कुंडीतले पराग आणतात. त्याने यंदाचे फळ बदलत नाही. फरक पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून कळी उमलण्याआधी फांदीवर मलमलची पिशवी बांधतात, फळ धरले की ती काढून ओळखीसाठी देठाला दोरा बांधतात आणि ते फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ देतात.